इंजिन ऑइल दुधाळ झालंय? हेड खोलायच्या आधी हे तपासा

ऑइल टाकायच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय दिसली की "हेड गॅसकेट गेलं" (म्हणजे इंजिनचा वरचा भाग, हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील फाटून कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय) असं सांगणारे पैशाला पासरी भेटतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून बघितलेलीसुद्धा नसते. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे साधारण तेवढंच, त्यातली थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळाच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरते आणि झाकण थंड असल्यामुळे तिथे जाऊन जमते. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल तर ऑइल नीट तापतच नाही, मग हे पाणी उडून जाणार कसं.

म्हणून आधी इंजिन थंड असताना झाकण पुसा, कूलंटच्या टाकीवर पातळीची खूण करा, डिपस्टिक बघा.

डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे? मग गाडी मोकळ्या रस्त्यावर पाऊण-एक तास सलग चालवा. टेंपरेचरचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं समजू नका, तो काटा कूलंटचा असतो, ऑइलला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. साय गेली, कूलंट खुणेवरच आहे, विषय संपला. लांब चालवूनही परत परत येत असेल तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारा) आणि त्याचा पाइप तुंबलाय का बघा.

डिपस्टिकच दुधाळ असेल तर मात्र गाडी अजिबात स्टार्ट करू नका, कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगची वाट लावतं. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती तर कारण उघडच आहे, तेव्हाही स्टार्टर मारायचा नाही.

आता खरी डोकेदुखी, कूलंट आत येतंय कुठून. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय. बरेच जण ब्लॉक टेस्टर (कूलंटवरची हवा निळ्या पाण्यातून ओढून बघायचं साधन) लावतात, त्यातलं निळं पाणी पिवळं झालं नाही की "गॅसकेट ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. हे साफ चूक आहे! ती टेस्ट फक्त जळालेला गॅस कूलंटमध्ये येतोय का एवढंच सांगते. गॅसकेट कूलंट आणि ऑइलच्या वाटांच्या मधे फाटलं असेल तर गॅसचा संबंधच येत नाही, टेस्ट पास, कॉम्प्रेशनही (सिलिंडरमधला दाब) ठणठणीत, आणि ऑइल तरी दुधाळच.

त्यापेक्षा प्रेशर टेस्ट करा. इंजिन पूर्ण थंड हवं, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. झाकणाच्या जागी पंप लावून झाकणावर छापलेल्या प्रेशरपर्यंतच हवा भरा, बहुतेक ठिकाणी ते 1 बारच्या आसपास असतं, आणि पंधरा-वीस मिनिटं काट्याकडे बघा. काटा उतरतोय आणि बाहेर कुठे थेंब नाही, म्हणजे गळती आत आहे. रात्रभर तसंच ठेवून सकाळी ड्रेन बोल्ट (ऑइल काढायचा तळाचा बोल्ट) हळूहळू ढिला करा, कूलंट जड असल्यामुळे तळाशी बसलेलं असेल तर आधी तेच बाहेर येतं. आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, एकदा फेटलं गेलं की ते वेगळं होत नाही.

आणि हेडला हात लावायच्या आधी ऑइल कूलर तपासा, गाडीत कूलंटने ऑइल थंड करणारा असेल तर. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर जास्त असतं म्हणून ऑइल कूलंटमध्ये घुसतं, बंद केल्यावर ऑइलचं प्रेशर शून्यावर येतं पण कूलंटचं काही वेळ टिकतं, मग उलटा प्रवास. त्यामुळे टाकीत तेलकट तवंग आणि डिपस्टिकवर साय, दोन्ही एकदम दिसलं तर मी आधी कूलरच काढते, तोंडं बंद करून हवा भरायची आणि कोमट पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. तो चांगला निघाला तरच हेड खोला, आणि गॅसकेट बदलताना हेडचा सपाटपणा आणि तडे तपासून घ्या, नाहीतर नवीन गॅसकेटही टिकत नाही.

दुरुस्तीनंतर नवीन ऑइल आणि फिल्टर टाका, इंजिन गरम होईपर्यंत चालवा, काढून टाका, परत दोन्ही नवीन. काढलेलं ऑइल अजून ढगाळ दिसलं तर आणखी एकदा. फिल्टर दर वेळी बदलायचाच, जुन्यात अडकलेला गाळ आणि पाणी पुन्हा त्याच ऑइलमध्ये उतरतं.