पिल्लाला घर शोधताना

वाचवून आणलेली कुत्र्याची पिल्लं माझ्या घरी येतात, सावरतात आणि आपापल्या घरी जातात. कोणी आठवडाभर राहतं, कोणी चार महिने. पहिल्यांदा पिल्लू सांभाळायला घेतलेल्यांचे मला फोन येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाला घाई असते: "ताई, कोणीतरी बघा ना लवकर." घाई मला कळते. पण 'कोणीतरी' हा शब्द पहिल्यांदा डोक्यातून काढा.

आधी पिल्लू नीट ओळखा. आल्यावर पहिले दोन-तीन दिवस ते जसं वागतं, त्यावरून स्वभाव ठरवू नका, तेव्हा ते नुसतं घाबरलेलं असतं. गुमसुम बसलेलं पिल्लू 'शांत' म्हणून दिलं जातं आणि नव्या घरी पंधरा दिवसांनी सोफ्याचा स्पंज बाहेर काढतं. मी एक वही ठेवते. हातातून ताटली पडली तर पिल्लू किती लांब पळतं आणि किती वेळानं परत येऊन ताटली हुंगतं, हे त्या वहीत असतं. दचकतं प्रत्येकच पिल्लू. अर्ध्या मिनिटात परत येणारं पिल्लू गजबजलेल्या घरात मजेत राहील. जे तासभर पलंगाखालून हलत नाही, त्याला कमी माणसांचं, कमी आवाजाचं घर हवं. जेवताना जवळ गेलं तर गुरगुरतं का, एकटं ठेवलं तर किती वेळ रडतं, मुलांच्या धावपळीनं बिथरतं का, हेही लिहा.

वय दातांवरून बघा. दुधाचे 28 दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के 42 येतात. वय यासाठी महत्त्वाचं, की आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आई-भावंडांपासून तोडू नये. जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, हे ते भावंडांकडूनच शिकतं. आणि तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्यापर्यंत जे आवाज, जी माणसं, ज्या वस्तू ते बघतं, त्या पुढे त्याला ओळखीच्या वाटतात. हे दिवस तुमच्याकडे जाणार असतील तर मिक्सर लावा, छत्री उघडा, टोपी घातलेला माणूस दाखवा. पिल्लू तुमच्याकडे आहे तोवर हे काम तुमचं.

जाहिरातीत खरं लिहा. 'केबल चावते, रात्री एकदा उठवते, अनोळखी पुरुषांना घाबरते' असं लिहिलं की फोन कमी येतात, पण जे येतात ते वाचून आलेले असतात. फोटो वरून काढू नका, जमिनीवर बसून पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा.

फोनवर 'कुत्र्यांची आवड आहे का' हे मी कधीच विचारत नाही, सगळे हो म्हणतात. मी म्हणते, "कालचा दिवस सकाळपासून सांगा." घर किती वाजता रिकामं होतं, कोण आधी परत येतं, सगळं त्यात आपसूक येतं. तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर तीन-चार तास शू धरू शकतं. घर सकाळी आठ ते संध्याकाळी सात बंद असेल आणि मधे कोणी येणार नसेल, तर माणसं कितीही प्रेमळ असोत, हे पिल्लू त्यांच्यासाठी नाही. त्यांना मी तीन-चार वर्षांचा कुत्रा सुचवते. दोघांनी तो आणला आणि आजही खूश आहेत.

आधी कुत्रा होता का, तो कशानं गेला, हेही विचारा. पार्व्होनं, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारानं, गेला असेल तर त्या घरात, अंगणात विषाणू कित्येक महिने टिकून राहू शकतो आणि साध्या साबणानं तो मरत नाही. लसींचे डोस पूर्ण व्हायच्या आत तिथे पिल्लू जाता कामा नये. डोस साधारण सहा-आठ आठवड्यांना सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी मागा. वाढदिवसाची भेट म्हणून कोणाला द्यायला पिल्लू हवं असेल, तर नाही म्हणा. दोन भावंडं एकत्र मागितली तरी मी सहसा नाहीच म्हणते. ती एकमेकांत इतकी गुंततात की माणसाकडे लक्ष देणं राहून जातं.

घर बघायला जरूर जा, आणि घरातले सगळे हजर असताना जा. कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाशी बोला, नकार बहुतेक तिथे असतो. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघा. पिल्लाचं डोकं जिथून जातं, तिथून अख्खं पिल्लू जातं.

इथे माझी एक चूक सांगते. टिकली दहा आठवड्यांची होती. ज्या घरी दिली त्यांचं अंगण बघूनच मी हरखले, बाकी प्रश्न निम्मेच विचारले. सात महिन्यांची होऊन ती परत आली, तेव्हा कारण सांगितलं, 'ऐकत नाही, सगळं उकरते.' ती दिवसभर त्या अंगणात एकटी होती. दिवस घालवायला दुसरं काय होतं तिच्याकडे? पंजांची नखं झिजून गेली होती. तेव्हापासून मी अंगणाला गुण देत नाही. कुत्रा झोपणार कुठे, ते विचारते.

भुऱ्याची गोष्ट याच्या उलट. चार महिन्यांचा, कोणी आलं की वॉशिंग मशीनच्या मागे. तीन कुटुंबं आली, वाकून वाकून चुचकारून गेली. चौथे गृहस्थ आले ते भिंतीला टेकून, मशीनकडे पाठ करून जमिनीवर बसले आणि माझ्याशी बोलत राहिले. वीस मिनिटांनी नाक बाहेर आलं. मग भुऱ्यानं मागून त्यांचा मोजा हुंगला, मागे पळाला, परत आला. त्यांनी हात उचलला नाही. चाळीस मिनिटांनी त्यानं त्यांच्या घोट्यावर हनुवटी टेकवली, तेव्हा ते कुजबुजले, "आता मी उठू की नको?" मी कागद आणायला उठले.

कागद म्हणजे साधा करार: लसी पूर्ण करू, वय झालं की नसबंदी करू आणि कधीही ठेवणं जमलं नाही तर पिल्लू परस्पर कोणाला न देता माझ्याकडेच परत आणू. ही शेवटची अट मी मोठ्यानं वाचून दाखवते आणि 'परत आणलंत तर रागावणार नाही' असंही सांगते. लोक लाजेपोटी परस्पर सोडून देतात, त्याची मला जास्त भीती वाटते.

पिल्लू सकाळी सोपवा, म्हणजे पहिल्या रात्रीआधी घर ओळखायला दिवस मिळतो. सोबत त्याच्या अंथरुणातला न धुतलेला टॉवेल, लसीकरण कार्ड, जंतांच्या औषधाची पुढची तारीख आणि आठवडाभर पुरेल इतकं सवयीचं खाणं द्या. खाणं बदलायचं तर सात दिवसांत थोडं थोडं, नाहीतर जुलाब लागतात. सुरुवातीला बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घालायला सांगा, नव्या घरातून पळून जाण्याचा धोका पहिल्या दिवसांतच सगळ्यात जास्त. सावरायला साधारण तीन दिवस, रुळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने, एवढं धरून चाला.

मी तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी आणि महिन्यानं फोन करते. आणि पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं की पुन्हा एकदा. तेव्हा ते वयात येत असतं, शिकलेलं विसरल्यासारखं वागतं, आणि माणसं नेमकी तेव्हाच हात टेकतात. टिकलीच्या वेळी हा फोन मी केला नव्हता.

तिचं दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. अंगण नाही. संध्याकाळी सहा वाजता ती दाराजवळच्या खुंटीखाली जाऊन बसते, वर पट्टा टांगलेला असतो.