सीओपीडी, पक्षाघात आणि रात्री अडणारा श्वास: या चुका टाळा

"छान घोरत होते, म्हणजे गाढ झोपले होते." झोपेच्या तपासणीच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता लगेच विचारते, घोरणं मध्येच बंद पडतं का? काही क्षण सामसूम आणि मग धडपडून घेतलेला श्वास? बहुतेक घरांतून "हो" येतं. स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजारात, बहुधा घसा मिटून श्वास किमान १० सेकंद अडतो. तासाला असं ३० किंवा त्याहून जास्त वेळा होत असेल तर आजार तीव्र. सीओपीडीने, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराने, फुप्फुसं थकलेल्या किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला हे सोसवत नाही.

मला सगळ्यात छळणारी चूक म्हणजे रात्री ऑक्सिजन आपल्या मनाने वाढवणं. सीओपीडी आणि जुना पक्षाघात असलेले एक आजोबा होते. डॉक्टरांनी मिनिटाला १ लिटर सांगितलेला. रात्री ऑक्सिमीटरवर ८२ दिसलं, मुलगा घाबरला आणि त्याने काटा ४ लिटरवर नेला. आकडा ९७ झाला, घर निर्धास्त झोपलं. सकाळी आजोबा उठवता उठेनात, बोलणं असंबद्ध, हात थरथरत होते. सगळ्यांना वाटलं, दुसरा झटका आला. दवाखान्यात धमनीतलं रक्त तपासलं तेव्हा कळलं की कार्बन डायऑक्साइड प्रचंड साचला होता. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दोन वेगवेगळ्या दाबांनी हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र, लावल्यावर दुसऱ्या दिवशी ते नीट बोलू लागले.

त्या मुलाचा जीव वडिलांत होता, म्हणूनच त्याने काटा फिरवला. पण ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, आणि झोपेत मिटलेला घसा ऑक्सिजनने उघडत नाही. उलट श्वास अडण्याचा काळ लांबू शकतो. साचलेल्या वायूने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून सकाळी डोकं ठणकतं. अशा रुग्णांत डॉक्टर ऑक्सिमीटरचा आकडा बहुधा ८८ ते ९२ टक्केच ठेवायला सांगतात, ९७ नाही. मी ठरवून दिलेला प्रवाह कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवायला लावते. भीतीने ऑक्सिजन बंद करणंही तितकंच वाईट. आणि माणूस सकाळी बरळत असेल तर झटका की वायू, हे घरी ठरवत बसू नका. तडक इस्पितळ गाठा.

दुसरी चूक उतावळेपणाची. सीपॅप म्हणजे मास्कमधून सतत दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. "चार दिवस सीपॅप लावलं, जमत नाही." चार दिवसांत कोणाला जमतं? पक्षाघाताने चेहरा एका बाजूला ओघळला असेल तर मास्कमधून तिथूनच हवा निसटते, आणि एका हाताने पट्टा लावता येत नाही. मी आधी दिवसा, बसून, जागेपणी अर्धा तास मास्क लावायला सांगते. तो माणसाला स्वतःच्या चांगल्या हाताने काढता आलाच पाहिजे, नाहीतर उलटी झाली तर जीवावर बेततं. काही जण सीपॅपवरचा २०१६चा सेव्ह नावाचा अभ्यास पुढे करतात. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्ताभिसरणाचा आजार असलेल्यांत सीपॅपने पुढचे झटके कमी झाले नाहीत, हे खरं. पण त्यात यंत्राचा वापर सरासरी रोज ३.३ तासच झाला होता, आणि दिवसा फार झोप येणारे किंवा ऑक्सिजन फार खाली जाणारे रुग्ण घेतलेच नव्हते. दिवसाची पेंग मात्र कमी झाली. ज्याला दुपारी बोलता बोलता डुलकी लागते, त्याच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

दुसऱ्याचं यंत्र उसनं आणून त्याच्याच दाबावर वापरू नका. फुप्फुसाचा मोठा आजार किंवा पक्षाघात असेल तर घरी करायच्या छोट्या तपासणीवर भागवू नका, रात्रभराची पूर्ण पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेत मेंदू, श्वास आणि ऑक्सिजन सगळं नोंदवणारी तपासणी, करा. पक्षाघातानंतर घसा उघडा असूनही मेंदूच श्वासाचा हुकूम देत नाही, असंही होतं.

झोपेच्या काही गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू सैल करतात. पक्षाघातानंतरची सगळी पेंग "अशक्तपणा" म्हणून सोडून देऊ नका. आणि उताणं झोपवणं टाळा. कुशीवर ठेवताना दुबळा खांदा अंगाखाली दबू देऊ नका, पाठीशी घट्ट उशी लावा.