चुंबक हलता ठेवा

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दहावीतली पुतणी एकदा कॉइल घेऊन आली आणि म्हणाली, "तात्या, चुंबक आत ठेवलाय, तार जोडलीय, मग एलईडी का लागत नाही?" प्रश्न नेमका होता. तिला करून दाखवलं, तेच इथे लिहितो.

आधी विजेपासून चुंबकत्व. होकायंत्राची सुई स्थिर होऊ द्या. मग तार सुईच्या वर, सुईच्याच दिशेने, म्हणजे उत्तर-दक्षिण धरा. पूर्व-पश्चिम धरली तर फसगत होते. तारेची टोकं दीड व्होल्टच्या सेलला दोनच सेकंद टेकवा, जास्त वेळ धरली तर तार तापते. सुई वळेल. टोकं उलटी लावा, सुई दुसरीकडे वळेल. कोपनहेगनच्या ओरस्टेडने 1820 साली हेच पाहिलं होतं.

आता उलटा प्रवास. इथे वेळ द्या, घाई नको.

20 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घ्या. मधल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये 34 गेजच्या (जाडीचा नंबर) इनॅमल तारेचे, म्हणजे वीज अडवणारा लेप असलेल्या तांब्याच्या बारीक तारेचे, हजारेक वेढे एकाच दिशेने गुंडाळा. जळालेल्या मोटारीची तार फुकट मिळते, पण घेऊ नका. तिचं इनॅमल गेलेलं असतं आणि वेढे आपसात शॉर्ट होतात. टोकांचं इनॅमल मात्र ब्लेडने खरवडून तांबं लख्ख दिसू द्या. मुलांचे प्रयोग बहुतेक याच ठिकाणी अडतात.

टोकं काट्याच्या मीटरला जोडा, डीसीच्या सर्वांत लहान रेंजवर. पाइपमधून सहज सरकेल असा निओडिमियमचा (फार ताकदवान) गोल चुंबक आत सोडा. काटा झटकन हलेल. चुंबक आतच थांबवा, काटा शून्यावर. बाहेर काढा, काटा उलटा.

पुतणीचा चुंबक थांबलेला होता, एवढंच. कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत असतं तेवढ्यापुरतीच वीज निर्माण होते. वेग वाढवला, वेढे वाढवले की व्होल्टेज वाढतं. जिनिव्हाच्या कोलाडॉनने 1825 साली, चुंबकाचा थेट परिणाम होऊ नये म्हणून मीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. चुंबक कॉइलमध्ये घालून तो चालत तिकडे पोचेपर्यंत काटा जागेवर आलेला असायचा. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं. वीज तर त्याच्याच हातून निर्माण झाली होती. फॅरडेने 17 ऑक्टोबर 1831 रोजी चुंबक कॉइलमध्ये आत-बाहेर केला आणि त्याला तो झटका दिसला.

पुतणीने सायकलचा जुना डायनॅमो पाहिलेला नव्हता. माझ्या वडिलांच्या सायकलला होता. चढावर पाय मंदावले की दिवा मिणमिणायचा, सायकल थांबली की विझायचा. आत याच कॉइल-चुंबकाची जोडी असायची.

शेवटी मीटर काढून दोन लाल एलईडी एकमेकांना उलटे जोडा, म्हणजे एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, आणि दोन्ही जोड कॉइलच्या टोकांना. पाइपची तोंडं बुचांनी बंद करून जोरात हलवा. ही कॉइल घरच्या प्लगला कधीही लावू नका. अंधारात पाहा: चुंबक आत शिरताना एक एलईडी लागतो, बाहेर पडताना दुसरा. आपल्या घरच्या 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांच्या विजेची दिशाही अशीच बदलते, प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा.