नेक्स्ट.जेएसमध्ये लेआउट लिहिताना या चुका टाळा

नेक्स्ट.जेएस ही रिॲक्टवर वेबसाइट बांधायची चौकट. २०२२ साली तिच्या १३व्या आवृत्तीत ॲप राउटर (फोल्डरांच्या रचनेवरून पानं ठरवणारी पद्धत) आला आणि लेआउट, म्हणजे अनेक पानांभोवतीचा सामाईक सांगाडा, ही फोल्डरात ठेवायची एक साधी फाइल झाली. वर हेडर, बाजूला मेनू, मध्ये चिल्ड्रन (म्हणजे आतलं पान), की झालं काम. तक्रारी नंतर येतात: मेनूत जुनंच पान ठळक दिसतंय, शोधाच्या चौकटीत मघाचाच शब्द आहे. या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. एका पानावरून दुसऱ्यावर जाताना दोघांचा सामाईक लेआउट जागचा हलत नाही. तो सर्व्हरवर पुन्हा चालत नाही, त्यातली स्टेट (लक्षात ठेवलेली माहिती) तशीच राहते. बदलतं ते आतलं पान.

हे विसरून लॉगिनची तपासणी फक्त लेआउटमध्ये करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. पहिल्यांदा डॅशबोर्ड उघडताना तपासणी नीट होते, म्हणून चाचणीत काही कळतच नाही. पण पुढे मेनूतून ‘बिलं’ या पानावर गेलं, की सर्व्हरकडून फक्त त्या पानाचा भाग येतो. लेआउट चाललाच नाही, तर तपासणी कुठून होणार? मधल्या वेळात सेशन संपलं असेल तरी बिलं दिसतात. तपासणीचं एक छोटं फंक्शन लिहा आणि जिथे डेटाबेसमधून माहिती काढता तिथेच ते बोलवा; सर्व्हर ॲक्शनमध्येही (पानावरून बोलावलेली, सर्व्हरवर चालणारी फंक्शनं). लेआउटमध्ये वापरकर्त्याचं नाव दाखवा, पण कुलूप तिथे लावू नका.

मेनूतलं चालू पान ठळक करायला यूजपाथनेम हा हुक (चालू पानाचा पत्ता सांगणारं फंक्शन) लागतो आणि तो क्लायंट कंपोनंटमध्येच, म्हणजे ब्राउझरमध्येही चालणाऱ्या तुकड्यातच, चालतो. मग घाईत अख्ख्या लेआउटच्या डोक्यावर ‘यूज क्लायंट’ लिहिलं जातं. तसं केलं की लेआउटमध्ये इंपोर्ट केलेलं सगळं ब्राउझरकडे पाठवायच्या कोडच्या गठ्ठ्यात (बंडलमध्ये) जातं आणि लेआउटला डेटाबेसशी थेट बोलता येत नाही. फक्त मेनू वेगळ्या फाइलीत काढा आणि ती ओळ तिथे लिहा. यूआरएलमधल्या प्रश्नचिन्हापुढची माहिती लेआउटला प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली माहिती) म्हणून मिळत नाही, तीही अशाच छोट्या कंपोनंटमधून वाचा.

लेआउटमध्ये आणलेली माहिती चिल्ड्रनला प्रॉप म्हणून देण्याची खटपटही करू नका. तशी सोय नाही. पानात तीच माहिती पुन्हा मागवा. एकाच रेंडरमध्ये (पान एकदा तयार होताना) त्याच पत्त्यावर, त्याच पर्यायांनी केलेलं फेच, म्हणजे माहितीची मागणी, दोनदा जात नाही. डेटाबेसची क्वेरी असेल तर ती रिॲक्टच्या कॅश फंक्शनमध्ये गुंडाळा, म्हणजे तीही एकदाच चालेल.

लोडिंगची फाइल (पान येईपर्यंत दाखवायचा मजकूर) ठेवूनही पडदा कोराच राहतोय? त्याच फोल्डरातला लेआउट स्वतः माहितीसाठी थांबलाय का, ते पाहा. लोडिंगची फाइल पानाला झाकते, शेजारच्या लेआउटला नाही. तो संथ भाग वेगळ्या कंपोनंटमध्ये काढून सस्पेन्समध्ये (माहिती येईपर्यंत पर्यायी मजकूर दाखवणारा रिॲक्टचा कंपोनंट) ठेवा. एररच्या फाइलीचंही तसंच: लेआउटमधली चूक वरच्या फोल्डरातली एरर फाइल पकडते.

प्रत्येक वेळी कोरी सुरुवात हवी असेल, तर लेआउटऐवजी टेम्प्लेट फाइल आहे. पण ती गरजेपुरतीच वापरा, कारण तिच्या आतली स्टेट दर वेळी पुसली जाते.

आणि एकाच लेआउटला ‘साइडबार नको’, ‘फूटर नको’, ‘हेडर छोटा’ अशा अटी जोडत बसू नका. पाचवी अट आली की तो वाचणंच नकोसं होतं. कंसातल्या नावाचे फोल्डर करा, एक दुकानाच्या पानांसाठी, एक ॲडमिनसाठी. कंसातलं नाव यूआरएलमध्ये दिसत नाही आणि प्रत्येक गटाला स्वतःचा लेआउट मिळतो. एचटीएमएल आणि बॉडीचे टॅग मात्र वरच्या एकाच रूट लेआउटमध्ये राहू द्या. प्रत्येक गटाला वेगळा रूट लेआउट दिलात, तर एका गटातून दुसऱ्यात जाताना अख्खं पान नव्याने लोड होतं.