शेणकिडे मोजायचेत? मग आधी पावसाचं बघा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला शेणकिडे (शेणावर जगणारे भुंगे) घेतलेत म्हणजे पिटफॉल सापळा, किडे आत पडावेत असा जमिनीतला डबा, कसा पुरायचा, शेणाची पुरचुंडी वर कशी टांगायची हे तुम्हाला माहीत असणारच, ते परत सांगत नाही. माझा एक अख्खा पावसाळा जिथे वाया गेला तेवढं सांगते, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मला मुंबईतली आरे कॉलनी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्क यांची तुलना करायची होती. आरेत तबेले, म्हशींचं शेण, मोकळी जागा, आणि पार्कात चितळ, सांबर, दाट सावली. सावली गेली किंवा मोठे प्राणी कमी झाले की शेणकिड्यांच्या जाती पटकन बदलतात, म्हणून तर जंगलावर लक्ष ठेवायला ते इतके कामाचे. पण पार्कच्या परवानगीचा अर्ज मी उशिरा टाकला, त्यामुळे आरेचे सापळे जूनमध्ये लागले आणि पार्कचे ऑगस्टमध्ये. आरेत किडे जास्त मिळाले आणि मी खुशाल लिहून मोकळी झाले की तिथे विविधता जास्त.

हे साफ चुकीचं होतं. पहिल्या पावसाने माती मऊ झाली की जमिनीतले भुंगे एकदम वर येतात. हुमणीचं बघा ना, तीही याच स्कॅरॅबिडी कुळातली, पहिला पाऊस पडला की संध्याकाळी तिचे भुंगे कडुनिंबावर, बाभळीवर दिसतात, हे गावाकडे कोणीही सांगेल. ऑगस्टपर्यंत तो जोर ओसरलेला, वर सापळ्यांत पाणी भरलेलं. म्हणजे मी जून आणि ऑगस्टची तुलना केली, आरे आणि पार्कची नाहीच. कुठलंही सॉफ्टवेअर हे दुरुस्त करत नाही, सापळे वीसचे चाळीस केले तरी नाही, कारण महिना आणि जागा एकमेकांत अडकलेत ते सुटतच नाहीत. दोन्हीकडे एकाच दिवशी लावा, नाहीच जमलं तर त्याच आठवड्यात, शेण वजन करून सारखं, तेवढेच तास, सापळ्यांत निदान ५० मीटर अंतर, आणि हे सगळं पूर्ण सीझन पुन्हा पुन्हा. रोजचा पाऊस वहीत लिहा. तबेलेवाल्या काकांना विचारा की म्हशींना जंताचं औषध कधी दिलं, त्यातलं आयव्हरमेक्टिन हे औषध शेणातून उतरतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मरतात.

ओळख पटवायला मोबाईल ॲपच्या भरवशावर राहू नका, मला ते अजिबात पटत नाही. शेणकिड्यांच्या ऑन्थोफॅगस या एकाच प्रजातीत (genus) दोन हजारांवर जाती आहेत, फोटोत कितीतरी सारख्याच काळ्या दिसतात. नर गरम पाण्यात मऊ करून बारीक सुईने एडिॲगस, म्हणजे नराचं जननेंद्रिय, बाहेर काढून बघावं लागतं, माझे पहिले कितीतरी तुटले, तुमचेही तुटतील, घाबरू नका, हात बसतो. ॲरो या कीटकतज्ज्ञाचा भारतातल्या शेणकिड्यांवरचा १९३१ चा खंड जुना असला तरी शेजारी ठेवा, नावं मात्र नवी तपासा. लेबल पेन्सिलनेच लिहा, अल्कोहोलमध्ये बॉलपेनची शाई विरघळते. आणि गाइड असा धरा जो जूनमध्येच कच्च्या नोंदी मागतो, थिसिसच्या वेळी उगवणारा नको.

पुढच्या वर्षी अर्ज जानेवारीतच टाकला. जूनमध्ये सकाळी सहाला आरे, आठला पार्क, डबा हातात, पाऊस डोक्यावर, आणि वहीत पहिल्यांदाच दोन्ही पानांवर एकच तारीख.