टाकी कोरडी पडली तेव्हा

बेलफास्टला आल्यावर कळलं, इथली घरं गरम ठेवायला बॉयलरमध्ये जळणारं हीटिंग ऑइल म्हणजे आपलं रॉकेलच! जानेवारीत टाकी कोरडी पडली. टँकरवाला 300 लिटरच्या खाली यायला तयार नाही, त्यात महिनाअखेर. शेवटी पेट्रोल पंपावरून 20 लिटरचा ड्रम आणला. लिटरमागे महागच पडतो, पण अडला हरी!

नरसाळ्याने ओतलं, ढवळलेला गाळ बसेपर्यंत थांबलो. तरी बॉयलर पेटेना, लाल दिवा तसाच. नळीत हवा शिरली होती. बर्नरच्या पंपावरचा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) सैल केला, खाली डबा धरला आणि रीसेट दाबलं. आधी फसफसत फेस आला, मग सलग धार लागली. लगेच स्क्रू घट्ट केला. दुसऱ्या रीसेटला भपकन पेटला. हाताचा रॉकेलचा वास मात्र दोन दिवस गेला नाही.