बडोद्यात लाकडी विमान: सुरुवात रिबपासून

निवृत्तीनंतर लाकडी विमान बांधायचं, तर आधी पंखाच्या रिब्ज, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्या, करा. चुकलं तरी एकच रिब वाया जाते. रिबचा नकाशा सपाट प्लायवर चिकटवून पट्ट्या धरायला ठोकळे ठोका; हा झाला साचा. त्यावर मेणकागद पसरा, नाहीतर रिब साच्यालाच चिकटते. पट्ट्या सिटका स्प्रूस या हलक्या, मजबूत लाकडाच्या घ्या. लाकडातल्या रेषांचा तिरकेपणा १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त नको.

खरी परीक्षा सांध्याची. इपॉक्सी या गोंदाचा क्लॅम्प करकचून आवळला की गोंद पिळून बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. रिसॉर्सिनॉल या दुसऱ्या गोंदाला मात्र भरपूर दाब लागतो. प्रत्येक मिश्रणातून एक नमुना जोडा आणि पूर्ण सुकल्यावर तोडून पाहा. लाकूड फाटायला हवं. गोंदाच्या रेषेवरच सुटलं तर त्या मिश्रणाच्या सगळ्या रिब्ज बाद, कितीही जीव तुटला तरी.

बडोद्याच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. ओलमापक ८ ते १२ टक्के दाखवेपर्यंत जोडकाम थांबवा. उन्हाळ्याचा प्रश्न वेगळा: इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं, म्हणून विमानाला रंग पांढराच द्या. आणि डीजीसीएशी, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाशी, पत्रव्यवहार पहिली पट्टी कापण्याआधी सुरू करा.